दोन खुंट्या

काचवाल्याने चित्र आधी उलटं धरलं. मग सुलटं केलं आणि दुकानाच्या दारापर्यंत नेऊन उजेडात पाहिलं.

"ही पाठ आहे," तो म्हणाला.

"हो," धाकटी म्हणाली.

"बाईची पाठ. चेहरा कुठंय?"

"पलीकडच्या बाजूला असेल," थोरली म्हणाली.

दुकानात स्टुलावर बसलेला कोणीतरी फिदीफिदी हसला. काचवाला हसला नाही. चित्र लाकडी फळीवर काढलेलं होतं. त्याने फळीच्या कडेवर अंगठा ठेवून जाडी पाहिली आणि मान हलवली. भिंतीवर त्याच्या फ्रेमच्या सोनेरी पट्ट्यांचे नमुने टांगलेले होते. त्यातला एक काढून त्याने फळीला लावून दाखवला. पट्टीची खाच फोटोपुरती होती. फळी तिच्यात शिरतच नव्हती.

त्या दोघी जावा. चित्र धाकटीने काढलं होतं आणि त्यातली पाठ थोरलीची होती. घरच्या पडवीत बुटक्या बाकावर बसून, कुदळीचा दांडा दोन्ही तळपायांमध्ये धरून थोरली तो तासत होती. मागून पाहिल्यावर दिसते तशी. पोलक्यावर खांद्यांच्या मधोमध घामाचा डाग, खाली टाचांच्या भेगा, आणि दोन तळव्यांमध्ये चिमट्यासारखा धरलेला दांडा. गावात नवं वाचनालय उघडायचं होतं. तिथल्या बाईंनी चित्र पाहिलं आणि दारासमोरची भिंत देऊ केली. अट एकच होती. उद्घाटनाआधी चित्र फ्रेम करून आणायचं. नुसती फळी भिंतीला लावता येणार नव्हती.

"जाड पट्टी बाहेरून मागवावी लागेल," काचवाला म्हणाला. "उद्घाटनापर्यंत काही येत नाही. एक करता येईल. फळी चारी बाजूंनी तासून पातळ करतो आणि खालून थोडी कापतो. माझ्या मापात बसेल."

"खालून म्हणजे?"

"पाय जातील. पाठ राहील ना! पायांचं काय एवढं?"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने चित्र त्याच्या हातातून घेतलं आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात परत गुंडाळलं.

"आमच्या घरी लाकूड आहे," ती म्हणाली. "आम्ही करू फ्रेम."

"ताई, रागावू नका. तुम्ही दांडे करता. दांडे करणं वेगळं. दांड्याला कोपरा नसतो."

हे खरं होतं. म्हणूनच ते वाटभर थोरलीच्या डोक्यात राहिलं.

घरी पडवीच्या भिंतीला दांड्यांच्या मोळ्या उभ्या होत्या. कुदळीचे, फावड्याचे, कुऱ्हाडीचे. पाऊस लांबला होता. जमीन इतकी कडक झाली होती की कोणी कुदळ उचलत नव्हतं, आणि कुदळ उचलली नाही तर दांडा मोडत नाही. ज्यांचा मोडे, त्यांच्यासाठी दुकानात लोखंडी पाइपचे दांडे आले होते. धाकटीची फळीही त्याच दांड्यांच्या खोक्याची होती. दुकानदाराने मोडीत काढलेलं खोकं तिने मागून आणलं होतं आणि रंग आणले होते पाट्या रंगवणाऱ्याकडून, डब्यांच्या तळाला उरलेले. तिचा नवरा हंगाम संपल्यापासून दूर बांधकामावर होता. थोरलीचा नवरा, थोरला, मोळी घेऊन बाजारोबाजार फिरायचा आणि तीच मोळी घेऊन परत यायचा.

"गेली होती तेवढीच आहे," त्या दिवशीही मोळी टेकवत तो म्हणाला. "वाटेत एकही पळाला नाही. इमानदार आहेत."

थोरलीने काचवाल्याची गोष्ट सांगितली. तो पाणी प्यायला, ओठ पुसले, मग म्हणाला, "म्हणजे तू त्याला शब्द देऊन आलीस."

"आले."

"कोपरा करायला येतो तुला?"

"येत नाही. येईल."

सासरे ओट्यावर बसून ऐकत होते. गावातले निम्मे दांडे त्यांच्या हातचे. दांडा तयार झाला की ते त्याचं बूड अंगणातल्या दगडावर आपटायचे, कान वाकडा करून आवाज ऐकायचे आणि म्हणायचे "बसला" किंवा "नाही बसला". याहून लांब शेरा त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. थोरला म्हणायचा, आमच्या लग्नातही आबा तेवढंच म्हणाले.

"लाकूड कोणतं घेशील?" सासऱ्यांनी विचारलं.

तिथेच पहिली अडचण होती. वाळलेलं जे होतं ते सगळं गोल आणि बारीक. रुंद पट्टी निघेल असा एकच ओंडका होता, नुकत्याच तोडलेल्या बाभळीचा. दांडे नेहमी ओल्या लाकडाचेच घडवायचे, मग सावलीत वाळवायचे. तासायला सोपं जातं. त्यामुळे ओंडका ओला आहे हे कोणाला खटकलंच नाही.

थोरल्याने आणि तिने समोरासमोर बसून करवत ओढली. बाभळीचा आंबूस वास पडवीत भरला. भुसा घामाला चिकटून दोघांचे हात कोपरापर्यंत तांबूस झाले. पट्ट्या निघाल्या, पण वेड्यावाकड्या. वाकसाने तासून, रंध्याने साफ करायच्या होत्या, आणि दुसरी अडचण तिथे आली. थोरलीचा हात सपाट कड करायला तयारच नव्हता. रंधा शेवटाकडे आला की मनगट आपोआप वळायचं आणि कड गोल व्हायची. एवढी वर्षं हाताला तेच शिकवलेलं. पहिली पट्टी कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी गुळगुळीत झाली. हातात धरायला छान होती.

"ही तुम्ही जळणात टाका," ती नवऱ्याला म्हणाली.

"जळणात कशाला? मोळीत घालतो. चपट्या हाताचं गिऱ्हाईक भेटलं तर देईन."

ती पुन्हा बसली. मनगटाला तिने चिंधी घट्ट आवळून बांधली, म्हणजे ते वळणार नाही. संध्याकाळपर्यंत बोटं सुजली, पण कड सरळ आली. धाकटी डोळा कडेला लावून पाहायची आणि जिथे उंचवटा असेल तिथे कोळशाने खूण करायची.

कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहायला सुताराकडे गुण्या असतो. यांच्याकडे नव्हता, कारण कधी लागलाच नाही. सुताराकडे मागायला जायचं थोरलीच्या जिवावर आलं. मागितला असता तर संध्याकाळपर्यंत काचवाल्याला कळलं असतं.

धाकटीने वर्तमानपत्राचा फाटका तुकडा घेतला. त्याची घडी घातली, मग घडीची कड स्वतःवरच नीट जुळवून दुसरी घडी घातली. "हा घ्या, ताई," ती म्हणाली. "कागद कसाही फाटलेला असला तरी हा कोपरा चुकत नाही."

थोरलीने तो कागद दारावर लावून पाहिला. दार चुकलेलं निघालं. मग खिडकीला लावला, बाकाला लावला. घरात एकही कोपरा सरळ नव्हता. ती मोठ्याने हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण सासऱ्यांनी वळून पाहिलं.

पट्ट्यांची टोकं अर्धी-अर्धी कापून एकमेकांवर बसवली. प्रत्येक कोपऱ्यात गिरमिटाने एक भोक पाडलं आणि त्यात ओल्या बाभळीचीच गोल खुंटी ठोकली. गोल काम तिच्या हातचं होतं. खुंट्या अशा झाल्या की भोकाकडे पाहूनच त्या आत जातील. मागच्या बाजूने फळी बसायला खाच कोरली. चौकट उभी राहिली. घडीचा कागद चारी कोपऱ्यांत फिरवला. कुठेच उजेड दिसेना.

"कुठे लावलीस ना, तर चित्रापेक्षा लोक हिच्याकडेच बघतील," थोरला म्हणाला.

"असं बोलू नका, धाकटी इथेच आहे," थोरली म्हणाली; पण चौकट तिने ज्या हाताने उचलली त्या हाताला ते आवडलेलं दिसत होतं.

नंतरचे दिवस भाजून काढणारे होते. वारा आला तर तोही चुलीतून आल्यासारखा. चौकट पडवीत टांगलेली होती, आणि एका सकाळी कोपऱ्यांत फटी दिसल्या. खुंटी बोटाने फिरत होती.

दांडा सैल झाला की काय करायचं हे या घरात कोणी कोणाला विचारत नाही. कुदळ रात्रभर पाण्यात ठेवायची. लाकूड फुगतं, लोखंडाला धरतं, सकाळी माणूस कामाला जातो. थोरलीने चौकट उचलली आणि गुरांच्या हौदात बुडवली.

"ताई, परत वाळल्यावर?" धाकटीने विचारलं.

"दांडा सुटला तर आपण काय करतो?"

सकाळी चौकट बाहेर काढली तेव्हा कोपऱ्यांत केस शिरत नव्हता. सासरे ओट्यावरून उठून आले. बोटाचं पेर वाकवून त्यांनी कोपऱ्यावर वाजवलं, कान वाकडा केला.

"बसली," ते म्हणाले.

मग काय राहिलं? उद्घाटनाच्या आदल्या दिवशी फळी चौकटीत बसवून दोघी वाचनालयाकडे निघाल्या. थोरलीने चित्र झाकू दिलं नाही. मुद्दाम बाजाराच्या रस्त्याने नेलं, काचवाल्याच्या दुकानासमोरून. त्याने पाहिलं. थोरली त्याच्याकडे न पाहता चालत राहिली, पण पावलं जरा सावकाश टाकली. वाचनालयाला पत्र्याचं छप्पर होतं. आत रंगाचा वास कोंडलेला, खिडक्या धूळ येऊ नये म्हणून लावून घेतलेल्या. बाईंनी दारासमोरच्या खिळ्यावर चित्र लावून घेतलं, दोन पावलं मागे गेल्या आणि म्हणाल्या, "घरी केलीत? वाटत नाही."

"घरीच केली," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम संध्याकाळी होता. सकाळी झाडलोट करायला म्हणून दोघी गेल्या, आणि चित्र पाहायला म्हणून सासरेही आले, धुतलेला सदरा घालून. मागून थोरला मोळी घेऊन. त्याला तिथूनच बाजाराला जायचं होतं.

खिळा रिकामा होता.

चौकट खाली भिंतीला टेकवलेली होती आणि चौकोनी राहिली नव्हती. एका अंगावर कललेल्या खाटेसारखी तिरकी झाली होती. फळी शेजारी, तोंड भिंतीकडे करून. बाजूला काचवाला उभा होता आणि त्याच्या हातात सोनेरी पट्टीत बसवलेलं धबधब्याचं चित्र होतं.

"रात्रीतून पडलं," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "चित्राला फार नाही लागलं. टाचेपाशी थोडं खरचटलंय. भिंत रिकामी दिसेल म्हणून यांना म्हटलं, काहीतरी आणून ठेवा. तात्पुरतं."

"तात्पुरतंच," काचवाला म्हणाला. तो टोमणा मारत नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

थोरलीने चौकट उचलली. पट्ट्या तिच्या हातात खुंट्यांभोवती फिरल्या. एक खुंटी निसटून फरशीवर पडली आणि घरंगळत सासऱ्यांच्या पायापाशी गेली. ते वाकले, खुंटी उचलली, बराच वेळ बोटांत फिरवत राहिले.

"बसली असं मी म्हणालो होतो," ते म्हणाले.

"पाण्यात मी घातली, मामंजी."

"म्हणालो तर मीच ना!"

ती फरशीवर बसली. वर पत्रा तापायला लागला होता, कडकड वाजत होता. कुदळ रोज ओल्या मातीत जाते. दवात पडून राहते, पावसात भिजते, बांधावरच्या पाण्यात धुतली जाते. भिंतीला पाणी कोण घालणार? हे तिला हौदाशी का सुचलं नाही? तिने त्या विचाराला फार वेळ दिला नाही. एक सुटी पट्टी दुसरीवर ठेवली, वरून एक बोट दाबलं आणि दुसऱ्या हाताने ढकलली. पट्टी बोटाभोवती फिरली. मग शेजारी दुसरं बोट दाबलं. पट्टी फिरेना. पुन्हा ढकललं. फिरेना.

"दांड्याला एकच भोक," ती म्हणाली. "म्हणून मी एकच पाडलं."

"काय?" धाकटी म्हणाली.

"घरी जा. गिरमिट, करवत, पटाशी, मोगरी आण. दाराला अडसर म्हणून लावतो ना, तो माझ्या जुन्या कुदळीचा दांडा, तोही आण. आणि तुझे रंग."

"तो तुमचा दांडा मोडायचा?"

"मोडलेलाच आहे. पळ."

तो दांडा थोरली या घरात आली तेव्हापासूनचा. फुटला तरी टाकला नव्हता. तळव्यांच्या घामाने काळा, शिंगासारखा कडक झालेला. त्यात ओल म्हणून शिल्लक नव्हती. आहे तेवढाच राहणार होता.

आत हवा नव्हती म्हणून ती बाहेर पायरीवर बसली, रस्त्याकडे पाठ करून. काळ्या दांड्याचा तुकडा दोन तळव्यांमध्ये धरला आणि खुंट्या तासायला सुरुवात केली. लाकूड इतकं टणक होतं की पटाशी सरकण्याऐवजी करकरायची. धाकटीने चित्र दाराशेजारी टेकवलं आणि उकिडवी बसून टाचेचा खरचटलेला रंग भरू लागली. रस्त्याने जाणारी माणसं थांबत होती. खुर्च्या घेऊन आलेले मांडववाले खुर्च्या तशाच धरून उभे राहिले.

"अरे, चित्रातली बाई बाहेर आली!" एक जण म्हणाला.

"दोघींपैकी खरी कुठली?"

"जिला घाम येतोय ती," थोरली मान न वळवता म्हणाली. "सावली सोडा जरा. दिसत नाही."

लोक हसले आणि सावली सोडली.

काचवाला आतून आला. थोडा वेळ पाहून म्हणाला, "कोपऱ्याला दोन-दोन खिळे मारा आणि मोकळ्या व्हा. माझ्याकडे आहेत. चांगले आहेत."

"दांड्याला आम्ही खिळा मारत नाही."

"हा दांडा नाही, ताई."

"हात दांड्याचाच आहे."

तो दुकानाकडे गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात गुण्या होता, पितळी पट्टीचा. "मग हा तरी घ्या," तो म्हणाला.

थोरलीने गुण्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "द्या," ती म्हणाली.

सासरे पलीकडे बसून पट्ट्या धरत होते. तिने प्रत्येक कोपऱ्यातलं जुनं भोक मोठं केलं आणि शेजारी तिरकं दुसरं पाडलं. खुंट्यांच्या टोकाला करवतीने चीर दिली. आता पाचर हवी होती, वाळलेली.

"अहो, मोळीतला एक दांडा द्या."

थोरल्याने मोळी सोडली आणि निवडून एक काढला. "चला," तो म्हणाला, "आज एक खपला."

खुंटी भोकात घातली, चिरेत पाचर ठेवली, मोगरीचा घाव घातला. कुदळीच्या नेढ्यात दांडा असाच बसवतात. पाचर शिरते, लाकूड आतून फाकतं आणि चारी बाजूंनी धरतं. आधी आवाज भद्द यायचा. पाचर खाली जाईल तसा तो वर चढायचा, बारीक आणि टणक व्हायचा, आणि मग एका घावाला तो आणखी चढेनासा व्हायचा. तिथे थोरली थांबायची. सासरे डोळे मिटून ऐकत होते. एकदा ती थांबली तेव्हा त्यांनी बोट वर केलं, आणखी एक. तिने मान हलवली. नाही. त्यांनी बोट खाली घेतलं.

बाहेर उरलेली टोकं पटाशीने छाटल्यावर चौकटीच्या कोपऱ्यांत काळी वर्तुळं राहिली, कोपऱ्याला दोन, आणि प्रत्येकाच्या मधोमध पाचरीची पांढुरकी रेघ. ज्याने कधी हातात कुदळ धरली आहे त्याने हे टोक पाहिलेलं असतं.

"हे बुजवायचं का?" धाकटीने रंगाची बोटं पुसत विचारलं. "तांबडा उरलाय."

"अजिबात नाही," थोरली म्हणाली.

तिने गुण्या लावला. तीन कोपरे चोख होते. चौथ्यात केसाएवढा उजेड दिसला. काचवाला वाकून पाहत होता.

"हा सुटलाय थोडा," तीच म्हणाली आणि गुण्या त्याला परत दिला.

"भिंतीवर नाही कळायचं."

"मला कळेल. असू दे."

चित्र पुन्हा खिळ्यावर गेलं. काचवाल्याने धबधबा काखेत मारला आणि चित्राच्या खालच्या कडेला हात देऊन ते सरळ करून दिलं. वाचनालयाच्या बाई खुर्च्यांच्या रांगांतून वाट काढत आल्या, चौकटीवरच्या काळ्या वर्तुळांवरून बोट फिरवलं आणि घाईने गेल्या; पाहुणे यायला लागले होते. थोरलीला हातपाय धुवायला वेळ मिळाला नाही. पोलक्यावर घामाचा डाग होता, चित्रात होता तिथेच. आलेला प्रत्येक माणूस दारात थांबायचा, समोर पाहायचा, मग तिच्याकडे पाहायचा. डाग झाकायला ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली नाही.

भाषणं सुरू व्हायच्या आधी सासरे खुर्च्यांमधून चालत चित्रापाशी गेले. त्यांनी बोटाचं पेर वाकवलं, हात कोपऱ्यापर्यंत नेला आणि तिथेच थांबवला. सगळी खोली त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी हात खाली घेतला आणि थोरलीला मानेने बोलावलं.

"तू वाजव," ते म्हणाले.

ती पुढे झाली. पदराने बोटं पुसली. एकेक करून चारी कोपऱ्यांवर पेर वाजवलं, सुटलेल्या कोपऱ्यावर दोनदा, आणि कान वाकडा करून ऐकलं.

"बसली," ती म्हणाली. शेवटच्या रांगेपर्यंत जाईल एवढ्या आवाजात.